नाकावरचे ठिपके आणि आठवड्यातले 31 घाव: घरगुती मास्क-स्क्रबमुळे बिघडलेल्या एका चेहऱ्याचं प्रकरण

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि हे प्रकरण माझ्या दवाखान्यातलं आहे. ज्यांच्या चेहऱ्याची ही हकिकत आहे त्यांची लिहिण्यास संमती आहे, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. यात दुर्मिळ आजार नाही, जिवावर बेतलेलं काही नाही. तरीही लिहावंसं वाटलं, कारण असे चेहरे माझ्यासमोर वारंवार येतात. शिवाय या प्रकरणात एक चूक माझीही होती आणि तिच्यामुळे बाईंचे तीन आठवडे फुकट गेले.

पार्श्वभूमी

बाई 34 वर्षांच्या. रंग सावळा, कपाळ आणि नाक तेलकट, गाल थोडे कोरडे. त्वचेचा आजार कधी झालेला नाही. कॉलेजच्या वयात थोडे मुरूम येऊन गेले होते, तेवढेच. काम घरून आणि रोजचे चार-पाच तास व्हिडिओ कॉलवर. "बोलणाऱ्याकडे बघायचं सोडून मी कोपऱ्यातल्या माझ्याच चौकटीकडे बघत बसायचे," असं त्या म्हणाल्या. त्यातच त्यांनी चेहरा मोठा दाखवणारा आरसा घेतला आणि त्या आरशात त्यांना नाकावरचे ठिपके दिसले.

बारीक, करडे, एकसारख्या अंतरावर पसरलेले ठिपके. त्यांना ते ब्लॅकहेड्स वाटले. खरं तर ते ब्लॅकहेड्स नव्हतेच. रंध्रातून तेल वर येण्याची जी वाट असते तिच्यात तेल आणि मृत पेशींची एक बारीक नळी तयार होते, तिला सिबेशियस फिलामेंट म्हणतात. ती प्रत्येकाच्या नाकावर असते, फक्त तेलकट त्वचेत जास्त उठून दिसते. पिळली की पांढरट दोरा बाहेर येतो आणि साधारण महिन्याभरात जागा पुन्हा भरते, कारण तिथून तेल वाहणं हेच त्या रंध्राचं काम आहे. ब्लॅकहेड म्हणजे अडकलेलं बूच. ते जास्त काळं असतं, किंचित वर आलेलं असतं आणि इथे एक, तिथे दोन असं विखुरलेलं असतं. हा फरक बाईंना कुणी सांगितला नव्हता, आणि पुढचं सगळं त्यातून घडत गेलं.

आधी सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश आला. पंधरा दिवसांनी ठिपके तसेच, म्हणून ग्लायकोलिक अ‍ॅसिडचा टोनर. मग मुलतानी मातीचा लेप. मग साखर आणि लिंबाचा स्क्रब. मग कोळशाचा, वाळला की सोलून काढायचा मास्क, तो फक्त नाकावर. दर वेळी नाक दोन दिवस गुळगुळीत लागायचं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपके परत यायचे. त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, अजून थोडं कमी पडतंय." पाच महिन्यांत एकही गोष्ट बंद झाली नाही. जुन्याच्या वर नवी चढत गेली.

पीलची संध्याकाळ

पाचव्या महिन्यात त्यांनी ऑनलाइन 30 टक्के ग्लायकोलिक अ‍ॅसिडचं पील, म्हणजे त्वचेचा वरचा थर सोलणारं द्रावण, मागवलं. बाटलीवर 'व्यावसायिक वापरासाठी' असं बारीक अक्षरांत छापलेलं होतं. त्यांनी ते वाचलंही होतं. "दवाखान्यात वापरतात तेच घरी मिळतंय म्हणजे चांगलंच असणार," असा त्यांनी अर्थ लावला.

इथे जरा थांबून आकडे बघू. सौंदर्यप्रसाधनांतल्या घटकांचं सुरक्षिततेच्या दृष्टीने मूल्यमापन करणाऱ्या अमेरिकेतल्या 'कॉस्मेटिक इन्ग्रेडियंट रिव्ह्यू' या तज्ज्ञगटाने ग्लायकोलिक आणि लॅक्टिक अ‍ॅसिडसाठी मर्यादा सांगितल्या आहेत. घरी वापरायच्या वस्तूत 10 टक्क्यांपर्यंत आणि पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आम्ल) 3.5 पेक्षा कमी नाही. 30 टक्क्यांपर्यंतचं द्रावण प्रशिक्षित माणसाने, थोडाच वेळ लावून, नीट धुऊन काढण्यासाठी. टक्क्यांबरोबर पीएच सांगतात त्याला कारण आहे. ग्लायकोलिक अ‍ॅसिड जितक्या आम्लधर्मी द्रावणात असेल तितका त्याचा जास्त भाग 'मोकळा' राहतो आणि हा मोकळा भागच त्वचेत शिरतो. पीएच 3.8 च्या आसपास जेमतेम निम्मं अ‍ॅसिड मोकळं असतं, त्याखाली प्रमाण वाढत जातं. बाईंच्या बाटलीवर पीएच लिहिलेलाच नव्हता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2024 च्या जुलैमध्ये अशाच पील्सबद्दल इशारा दिला होता, की तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय ती विकतही घेऊ नका आणि वापरूही नका.

त्या संध्याकाळी बाईंनी आधी साखर-लिंबाचा स्क्रब केला, "पील नीट आत जावं म्हणून". मग पील लावलं. दुसऱ्याच मिनिटाला चेहरा भगभगायला लागला. त्यांनी पाहिलेल्या व्हिडिओत दहा मिनिटं ठेवायला सांगितलं होतं, म्हणून त्यांनी घड्याळ लावून दहा मिनिटं पूर्ण केली.

या सबंध प्रकरणातला पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा निर्णयाचा क्षण मी याला मानते. चेहरा ओरडून सांगत होता आणि बाई घड्याळाचं ऐकत होत्या. जळजळ म्हणजे औषध लागू पडतंय, ही समजूत आपल्या मनात फार खोल रुजलेली आहे. जखमेवर आयोडीन चुरचुरलं की बरं वाटणारी माणसं आपण. चेहऱ्यावर लावलेल्या अ‍ॅसिडला मात्र हा न्याय लागू होत नाही. किंचित चुणचुण आणि ती मिनिटाभरात ओसरणं इथवर ठीक. वाढत जाणारी भगभग म्हणजे धुवायची वेळ झाली, मग घड्याळात दुसरंच मिनिट का असेना.

अडचण

दुसऱ्या दिवशी चेहरा चकचकीत दिसत होता. बाईंना तो ग्लो वाटला. चौथ्या दिवसापासून त्वचा ओढल्यासारखी झाली, नाकपुड्यांच्या कडेला आणि हनुवटीवर सालपटं निघू लागली. आठवड्याभरात गालांवर एकसारख्या आकाराच्या बारीक पुटकुळ्या उठल्या, जिथे त्यांना मुरूम कधीच आले नव्हते. नेहमीचं मॉइश्चरायझर झोंबायला लागलं. मग साधं पाणीही.

जवळच्या माणसांनी आणि इंटरनेटने एकच उत्तर दिलं: हे पर्जिंग आहे, आतली घाण बाहेर पडतेय, थांबू नका. दुसरा महत्त्वाचा क्षण हा. पर्जिंग नावाचा प्रकार खोटा नाही. रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वापासून बनलेलं त्वचेचं औषध) किंवा अ‍ॅसिड सुरू केल्यावर आत दडलेले मुरूम लवकर वर येतात. पण ते नेहमीच्याच जागी येतात आणि साधारण महिना-दीड महिन्यात ओसरतात. नव्या जागी उठलेल्या एकसारख्या पुटकुळ्या, ओढलेली त्वचा आणि पाण्याची चुरचुर या तिन्ही गोष्टी पर्जिंगच्या नाहीत. पाणी झोंबतंय म्हणजे त्वचेचा वरचा थर फाटलाय.

बाई थांबल्या नाहीत. पुटकुळ्या सुकाव्यात म्हणून मातीचा लेप दोनाचा तीन वेळा झाला. पाचव्या आठवड्यात वरच्या ओठावर, नाकाच्या कोपऱ्यांत आणि हनुवटीवर तपकिरी डाग उमटले. त्यानंतर आठवड्याने त्या माझ्याकडे आल्या. चेहऱ्यावर जाड मेकअप होता. तो पुसताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, काही चुरचुरीमुळे आणि काही नुसतंच.

तपासणीत काय दिसलं

सावळ्या त्वचेत लाली लाल दिसत नाही. ती तांबूस-तपकिरी किंवा नुसती गडद दिसते आणि म्हणून बरेचदा नजरेतून सुटते. गालांवर तसा गडदपणा होता, त्वचा पातळ कागदासारखी चकाकत होती, जवळून पाहिलं तर बारीक भेगा. डाग नेमके तिथे होते जिथे पील साचून राहतं: नाकाचा खोलगट कोपरा, ओठावरची पन्हळ, हनुवटीखालची घडी. पिवळी खपली नव्हती, म्हणजे जंतुसंसर्गाची शक्यता कमी. पाणी भरलेल्या फोडांचे झुबके नव्हते, म्हणजे नागिणीच्या जातीचा विषाणू नाही. पापण्या शाबूत होत्या आणि खाजेपेक्षा आग जास्त होती, म्हणून अ‍ॅलर्जीपेक्षा थेट दाहाकडे कौल जात होता. स्टेरॉइड असलेली गोरेपणाची क्रीम वापरली का, हे मी दोनदा विचारलं, कारण त्या क्रीम अचानक सोडल्या की चेहरा असाच पेटतो. उत्तर दोन्ही वेळा नाही. गर्भधारणा, रेटिनॉइडच्या गोळ्या, वॅक्सिंग, यांचंही उत्तर नाही.

निदान: वरच्यावर घासल्यामुळे आणि अ‍ॅसिडमुळे झालेला दाहक त्वचादाह, आणि त्यातून उमटलेले दाहानंतरचे डाग.

या वरच्या थराबद्दल चार वाक्यं सांगायला हवीत. शरीराच्या बऱ्याच भागांवर त्याची जाडी अवघी 10 ते 20 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते आणि चेहऱ्यावर त्यात पेशींचे पदर आणखी कमी असतात. आपण त्याला 'मृत पेशी' म्हणून हिणवतो. पण त्या चपट्या पेशी म्हणजे विटा, आणि सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व फॅटी अ‍ॅसिड हे त्यांच्यामधलं चुना-सिमेंट. ही भिंत आतलं पाणी आत आणि बाहेरचं बाहेर ठेवते. तरुण वयात खालून नवी पेशी तयार होऊन वर येऊन गळेपर्यंत साधारण चार आठवडे जातात, वयाबरोबर हा काळ वाढतो. जे रोज खरवडलं जातं ते भरायला शरीराला तेवढी फुरसत लागतेच.

समोरचे पर्याय

बाईंची पहिली मागणी डागांची होती. "बाकीचं बघू नंतर, आधी हे डाग घालवा." हायड्रोक्विनोन, रेटिनॉइड, अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड ही औषधं माझ्याकडे होती. पण यातली बहुतेक स्वतःच थोडीफार चुरचुरतात, आणि सावळ्या त्वचेत नवा दाह म्हणजे नवा डाग. जळत्या घराला रंग देण्यासारखं झालं असतं.

दुसरा पर्याय पाच-सहा दिवस सौम्य स्टेरॉइड. लाली झटकन उतरली असती. अनेक वेळा मी तो देतेही. इथे मात्र हात आखडला. बाईंच्या वागण्यात एक धागा स्पष्ट होता: ज्याने पटकन फरक पडतो ते त्या सोडत नाहीत. चेहऱ्यावर स्टेरॉइड लांबलं की त्वचा पातळ होते, पुरळ येतं आणि सोडताना आग होते. एका सवयीतून सोडवताना दुसरी हातात द्यायला मन धजलं नाही. एखाद्या सहकाऱ्याने दिलं असतं तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

पुटकुळ्यांना मुरूम समजून बेन्झॉइल पेरॉक्साइड द्यायचं मी लगेच बाद केलं. त्याने आणखी कोरडं पडलं असतं. अ‍ॅलर्जीची पॅच टेस्ट, म्हणजे संशयित घटक त्वचेवर चिकटवून पाहण्याची चाचणी, पुढे ठेवली, सहा आठवड्यांत फरक नाही पडला तर करायची.

उरलं ते सगळं थांबवणं. ऐकायला सगळ्यात सोपं आणि पेशंटला पटवायला सगळ्यात अवघड. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, काहीतरी लावायला द्या ना. नुसतं थांबायचं असतं तर मी इथे कशाला आले असते?" प्रश्न रास्त होता. मी त्यांना हातावरच्या खरचटलेल्या जागेचं उदाहरण दिलं: खपली रोज काढली तर ती कधी भरेल? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "किती दिवस?" मी म्हटलं, चार ते सहा आठवडे.

काय केलं

सकाळी फक्त कोमट पाणी. रात्री फेस न होणारं, सुगंध नसलेलं सौम्य क्लिन्झर. दोन्ही वेळा ओलसर चेहऱ्यावर सिरॅमाइड आणि ग्लिसरीन असलेलं मॉइश्चरायझर, आणि नाकाच्या कोपऱ्यांत वर पेट्रोलियम जेलीचा हलका हात. दिवसा झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, एसपीएफ 30 च्या वर. इतर प्रकारची सनस्क्रीन फाटलेल्या त्वचेला बरेचदा झोंबतात म्हणून हे निवडलं. अ‍ॅसिड वापरलेल्यांना उन्हाची काळजी दुप्पट घ्यावी लागते. ग्लायकोलिकसारख्या अ‍ॅसिडमुळे त्वचा उन्हाला जास्त हळवी होते आणि बंद केल्यावरही आठवडाभर जपावं लागतं. लिंबाचा तर वेगळाच धोका. त्याच्या रसाचा पीएच 2 ते 2.6 म्हणजे जोरदार आम्ल, शिवाय सालीत आणि रसात असे घटक असतात जे ऊन लागताच त्वचा भाजतात. बाई स्क्रब रात्री करायच्या, म्हणून त्यातून सुटल्या.

बाकीच्या सगळ्या बाटल्या फेकायच्या नाहीत, एका खोक्यात घालून वर तारीख टाकायची आणि खोकं घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्यायचं, असं ठरलं. फेकायला सांगितलं की माणूस हळहळतो आणि आठवड्याने नवी घेऊन येतो, हा माझा अनुभव. मोठा दाखवणारा आरसाही खोक्यात गेला. आठवड्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच वेळी फोटो.

तिसरा आठवडा

दोन आठवड्यांत चेहरा थोडा निवला. तिसऱ्या आठवड्यात मात्र त्या परत आल्या ते चेहरा पुन्हा चुरचुरतो म्हणून. नाकाशी नव्या भेगा होत्या. माझ्या मनात आलं, यांनी गुपचूप काहीतरी लावलं असणार. मी तसं विचारलंही, आणि जरा करड्या आवाजात. त्या दुखावल्या. पर्समधून माझीच चिठ्ठी काढून म्हणाल्या, "यातली एकेक ओळ पाळलीय मी."

खरं होतं ते. मग मी त्यांना सांगितलं, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत चेहऱ्याला ज्याचा ज्याचा स्पर्श होतो ते सगळं सांगा. तेव्हा कळलं की क्लिन्झर त्या सिलिकॉनच्या, विजेवर थरथरणाऱ्या ब्रशने चोळत होत्या. रोज रात्री, मिनिटभर. "ते काही लावायचं नव्हतं ना, म्हणून खोक्यात नाही टाकलं."

चूक माझी होती. पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, "चेहऱ्याला काय काय लावता?" प्रश्न लावण्याचा होता, उत्तर लावण्याचंच आलं. कशाने धुता, कशाने चोळता, कशाने पुसता, हे मी विचारलं नव्हतं. मी त्यांची माफी मागितली, ब्रश बंद झाला, आणि जाड टॉवेलने घासून पुसायच्या जागी मऊ सुती कापडाने टिपून घेणं आलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना खोकं घेऊन बोलावलं. टेबलावर सगळं मांडून आम्ही दोघींनी एकेक लेबल वाचलं आणि कागदावर नुसती बेरीज केली. पील घेण्याआधीच्या एका साध्या आठवड्यात चेहऱ्यावर अ‍ॅसिड किंवा घासणं किती वेळा? सॅलिसिलिकचा फेसवॉश दिवसातून दोनदा, म्हणजे 14. टोनर रोज रात्री, 7. ब्रश रोज रात्री, 7. मातीचा लेप पूर्ण वाळून तडे जाईपर्यंत, 2. स्क्रब, 1. एकूण 31, आणि एक आठवडा सोडून एक नाकावरचा सोलायचा मास्क वेगळा. घरी एक्सफोलिएशन, म्हणजे मृत पेशी काढून टाकणं, करायचंच झालं तर बहुतेकांना आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा पुरतं.

बाई कागदाकडे बराच वेळ बघत राहिल्या. "पण मी तर आठवड्यातून एकदाच स्क्रब करत होते," त्या हळूच म्हणाल्या. त्यांच्या हिशेबात एक्सफोलिएशन म्हणजे स्क्रब. फेसवॉश म्हणजे धुणं, टोनर म्हणजे टोनर, लेप म्हणजे लाड. दुकानाच्या फळीवर या वस्तू वेगवेगळ्या नावांनी बसतात आणि प्रत्येकीवर 'सौम्य' लिहिलेलं असतं. प्रत्येक वस्तू आपापल्यापुरती सौम्य असेलही. सगळ्यांची बेरीज लेबलवर छापलेली नसते, आणि ती करून दाखवणं हे मी पहिल्याच भेटीत करायला हवं होतं.

डागांचा उपचार कधी सुरू करायचा

सहाव्या आठवड्यात पाणी झोंबायचं थांबलं, सालपटं गेली, पुटकुळ्या काही न लावता बसल्या. पॅच टेस्टची गरज उरली नाही. मी आणखी दोन आठवडे थांबायचं म्हटलं. बाईंना घाई होती आणि या वेळी ती मला चुकीचीही वाटत नव्हती, कारण दाहानंतरचे डाग वरच्या थरातले असले तरी जायला महिने लागतात. पण आग थांबणं आणि भिंत पूर्ण भरणं यांत अंतर असतं. एकदा घसरलेल्या गाडीला मला पुन्हा उतारावर न्यायचं नव्हतं.

आठव्या आठवड्यात 15 टक्क्यांचं अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिडचं जेल सुरू केलं. आधी जबड्याच्या कडेला रुपयाएवढ्या जागेवर तीन रात्री, मग एक रात्र सोडून डागांवर, आणि महिन्याभराने रोज. नावात अ‍ॅसिड असलं तरी हे त्वचा सोलण्यासाठी नाही. ते रंगद्रव्य तयार होण्याला आवर घालतं आणि दाहही कमी करतं. सनस्क्रीन बदलून आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं दिलं. सावळ्या त्वचेतले डाग नुसत्या अतिनील किरणांनी गडद होत नाहीत, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही होतात, आणि पांढऱ्या किंवा पारदर्शक सनस्क्रीनने तो फारसा अडत नाही.

रविवारची वीस मिनिटं

चौथ्या महिन्यात बाईंनी विचारलं, "मास्क पुन्हा कधी लावू?" माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं: कशाला? ते मी गिळलं आणि विचारलं, तो त्यांना इतका का हवा आहे. त्या म्हणाल्या, रविवारी लेप लावला की घरात कुणी त्यांना हाक मारत नाही. आठवड्यातली तेवढी वीस मिनिटं त्यांची असतात.

या उत्तराने माझा विचार बदलला. मास्कने त्वचेचं काय होतं एवढंच मी मोजत होते. एखादी सवय माणसाला तगवून धरत असेल तर ती मोडण्याऐवजी तिच्यातला अपाय काढून घ्यावा, असं ठरवलं. लेप परत आला, पण फक्त कपाळ आणि नाकावर, दोन आठवड्यांतून एकदा. कडा वाळायला लागल्या की, म्हणजे पाच-सात मिनिटांत, भरपूर पाण्याने भिजवून सोडवायचा, घासायचा नाही. माती तेल शोषते ते ओली असताना. पूर्ण वाळून चेहरा ताणला जातो तेव्हा ती त्वचेचं पाणीही ओढत असते. उरलेल्या रविवारी ग्लिसरीन आणि हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचा ओलावा देणारा मास्क गालांवरही. वीस मिनिटं मात्र पूर्ण वीस.

नाकासाठी 2 टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड, आठवड्यातून एक रात्र, नाकापुरतंच, आणि त्या रात्री अ‍ॅझेलेइक नाही. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, त्यामुळे रंध्राच्या आत थोडंफार पोचतं. ठिपके त्याने फिके दिसतील, जाणार नाहीत, हे मी आधीच सांगितलं. बाकी चेहऱ्याला एक्सफोलिएशन अजिबात नाही. प्रत्येक चेहऱ्याला त्याची गरज असतेच असं मला वाटत नाही. निरोगी त्वचा आपल्या मृत पेशी आपणच झाडते.

काय झालं

सातव्या महिन्यात गालांवरचा गडदपणा गेला होता, हनुवटीचा डाग शोधावा लागत होता. वरच्या ओठावर फिकट सावली उरली होती, ती अजून आहे. मधे एकदा लग्नाच्या आदल्या आठवड्यात त्यांनी दुसऱ्याच कुणाचा स्क्रब वापरला, दोन दिवस चुरचुरलं, आणि या वेळी त्यांनी स्वतःच सगळं थांबवून पेट्रोलियम जेली काढली. खोकं उघडलं तेव्हा सॅलिसिलिक आणि माती ठेवली, बाकी टाकून दिलं. पीलची अर्धी बाटली त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

वेगळं काय करता आलं असतं

बाईंच्या बाजूने पाहिलं तर तीन जागा होत्या. नवी वस्तू आणताना जुनी एक बंद करणं. पील चेहरा पेटताच धुणं. पाणी झोंबायला लागल्यावर सहा आठवड्यांऐवजी सहा दिवसांत डॉक्टरकडे येणं. तिसरी जागा सर्वांत महागात पडली. दाह जितका लांबतो तितका डाग गडद आणि खोल होत जातो, आणि खोल गेलेला डाग वर्षानुवर्षं चिकटतो. नवी वस्तू कोपराच्या आतल्या बाजूला आठवडा-दहा दिवस लावून पाहण्याचा सल्ला मी सगळ्यांना देते. मात्र इथे त्याने फारसं वाचलं नसतं. कोपरावर एक वस्तू तपासली जाते, चेहऱ्यावर त्या सगळ्या एकत्र नांदतात.

माझ्या बाजूने, आता मी चिठ्ठीच्या मागे कोरा तक्ता देते: धुणं, चोळणं, लावणं, सोलणं, पुसणं, आणि प्रत्येकापुढे आठवड्यातले वार. पेशंट तो घरी भरून आणतात. स्टेरॉइड न देण्याचा निर्णय मी पुन्हा तसाच घेईन की नाही, याबद्दल माझं मन अजून पक्कं नाही. चार-पाच दिवसांचा आराम मिळाला असता तर बाईंनी तो ब्रश कदाचित इतक्या नेटाने चालवला नसता. चेहरा स्वच्छ झाला की बरं वाटेल, या आशेनेच त्या तो फिरवत होत्या.

आणि ठिपके. चौथ्या महिन्यात बाईंनी पुन्हा विचारलं, "ते जाणारच नाहीत का?" शब्दांत मी आधी दोनदा समजावलं होतं. त्या दिवशी मी डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारं उपकरण, स्वतःच्या नाकावर ठेवला आणि चित्र पडद्यावर दाखवलं. तेच करडे ठिपके, तेच एकसारखं अंतर, त्यांच्यापेक्षा किंचित जास्तच. त्या पडद्याकडे बघत राहिल्या, मग माझ्या नाकाकडे, मग पुन्हा पडद्याकडे. "हे मला तुमच्या नाकावर इतके दिवस दिसलेच नाहीत," त्या म्हणाल्या. आता नाकाची तक्रार घेऊन कुणी आलं की मी हे पहिल्याच भेटीत करते, चिठ्ठी लिहिण्याच्या आधी.